दोन हात

बेटावदच्या जत्रेत, चैत्राच्या उतरत्या उन्हात
हिलाल पैलवान हरला.
फार वेळ लागला नाही, हलगीवाल्याने नुसता हात बदलला
तेवढ्यात.
बऱ्हाणपूरच्या पोऱ्याने ढाक लावली
आणि पांझरेच्या वाळूवर गाडीने आणून टाकलेली तांबडी माती
हिलालच्या पाठीला लागली,
काड्यांत भाजलेल्या वांग्याला राख लागावी तशी,
सगळीकडून.

रात्री तो आमच्या तंबूत आला.
तिकीट काढून. एरवी पैलवानाला कोणी तिकीट विचारत नसे.
पुढे, पोरांत, वाळूवर बसला.
फुटक्या कानाच्या वळीत अजून माती होती.

कय्यूममामा मशीन चालवायचा.
मी रिळं गुंडाळायचो, कार्बनच्या कांड्या मोजायचो,
इंजिनाला फडकं मारायचो.
मोठ्या पिक्चरआधी मामा एक छोटं रीळ लावायचा,
सात मिनिटांचं, काळंपांढरं,
कुठल्या साहेबाच्या देशातलं कोण जाणे, ओरखड्यांनी भरलेलं.
त्यात एक अस्वल, जिनिंगमधल्या रुईच्या गाठीएवढं,
आणि समोर एक बोका,
लंगोट सुटू नये म्हणून एका हाताने धरून उभा.
पंच म्हणून बदक.

घंटा झाली.
अस्वलाने बोक्याला उचललं,
धुणं पिळतात तसं पिळलं,
गाठ मारली, दोरीवर वाळत टाकलं,
काढलं, लाटलं. बोक्याची पोळी झाली.
पोळी कोपऱ्यातून उठली,
स्वतःचंच शेपूट तोंडात धरून फुंकत राहिली,
फट्!
पुन्हा बोका. लंगोट धरून.
बदकाच्या डोक्यावर घंटा पडली तेव्हा
तंबू हसला, बायकांची बाजू हसली,
बाहेर फटीला डोळा लावलेले फुकटेसुद्धा हसले,
आणि हसता हसता एकेक मान
हिलालकडे वळायची, मग पटकन परत.

तो हसत नव्हता.
तो कुस्ती बघत होता.
"पट काढ," बोक्याला म्हणाला,
"त्याना पाय धर, खालथून घुस."
आणि बोका खरंच खालून घुसला.
अस्वल वर गेलं,
तंबूच्या बांबूपर्यंत गेलं म्हणा ना,
त्याच्या केसाला लटकून बोकाही वर,
दोघं वर, खाली मान वर केलेलं बदक,
आणि पडदा पांढरा.

पुढचं नव्हतंच.

मग बोंबाबोंब.
शिट्ट्या, वाळू, शेंगांची टरफलं.
"कोण पडना रे? कोण पडना?"
धुडकू तांबोळी म्हणाला, अस्वल, वजन बघा.
डांगरे मास्तर म्हणाले, बोका, अक्कल बघा.
चार-चार आण्यांच्या पैजा लागल्या,
आणि मागून कोणीतरी ओरडलं,
हिलालला विचारा, त्याला पडण्यातलं कळतं!
ओरडणाऱ्याला वाटलं लोक हसतील.
कोणी हसलं नाही.

हिलाल उठला.
पडद्याजवळ गेला. मशीनच्या उजेडात त्याची सावली
अस्वलाहून मोठी पडली.
जिथे जमीन असायला हवी होती तिथे
त्याने कापडावर तळहात फिरवला,
बोटं बघितली, लोकांना दाखवली.
"पाठले माटी लागनी नही," म्हणाला,
"मंग हारना कोण?
सोडा बरोबरीत."

सुटली. बेटावदात ती कुस्ती अजून बरोबरीत आहे.

आता सांगतो.
शेवटचे दोन हात रीळ
मी आदल्या आठवड्यात शिंदखेड्याला कापलं होतं,
मामा नमाजाला गेला तेव्हा,
आणि मूठभर फुटाण्यांवर एका पोराला दिलं होतं.
तो चौकटी सुट्या करून
भिंगाच्या डबीतून पैशाला एक दाखवायचा.
कोण पडलं ते मला माहीत होतं.
तीन महिने रोज रात्री बघत होतो.

पण लोकांनी बरोबरीसाठी हात वर केले तेव्हा
मशीनशेजारी उभा राहून मीही केला.
मामाने माझ्या हाताकडे पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
मग म्हणाला, खाली घे तो,
मोठं रीळ चढव.