खणखणीत

शेगडी आली तेव्हा तिघांनी उचलली.
हिरवीगार, पोटुशी, चिनीमातीची,
झाकण लावलं की थेट रांजणाची धाकटी बहीण.
मृदुलानं पाठवलेली, माझ्या निवृत्तीनिमित्त.
चिठ्ठीत एवढंच : बाबा, आता काहीतरी भाजा.

पहिल्या रविवारी तिच्यात
कोपऱ्यावरच्या दुकानातला कोळसा ओतला,
वरून माळ्यावरच्या स्टोव्हचं उरलंसुरलं रॉकेल.
वांगं झकास भाजलं.
पहिला घास घेऊन बायको म्हणाली,
"जवळपास काडी नका ओढू कुणी."

शालिमारला उतरून, विचारत विचारत,
भद्रकालीत सुगराबीची वखार सापडली.
भांड्यांच्या दोन दुकानांमधली फट,
आत अंधार, आणि अंधाराचीच पोती.
माझी हकिगत ऐकून तिनं कपाळाला हात लावला,
तर कपाळावर चार बोटं उमटली.
"लोखंड विसरतं, साहेब. माती नाही विसरत.
रॉकेल पाजलंत ना?
आता दोन तास नुसती पेटवा, रिकामी.
ओकू द्या तिला."

मग एकसारख्या, गोल, थापलेल्या वड्या दाखवल्या.
"दिसायला शहाण्या. पण यांची राख बघा,
खालची भोकं बुजतील, शेगडीचा श्वास कोंडेल."
आंब्याचा कोळसा हलका, बोलघेवडा,
फटाफट ठिणग्या उडवून लवकर दमणारा.
आणि तळाच्या पोत्यात वेडी बाभूळ, सिन्नरकडची,
जिला शेतात कुणी उभं करत नाही.
दोन तुकडे माझ्या हातात देऊन म्हणाली, "वाजवा."
ढप्.
"आत अजून लाकूड आहे. डोळ्यांतून पाणी काढील. दुसरे घ्या."
खण्.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता.

बत्तीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
एखादा पुसट आकडा, केसाएवढी सरकलेली रेघ,
कोऱ्या कागदाची करकर
डोळ्यांच्या आधी कानांना कळायची.
सदोष निघालेल्या भट्टीत जायच्या.
माझ्यासमोर, माझ्या सहीनं, किती लाख जळाले
त्याचा हिशेब रजिस्टरात आहे.
त्या आगीवर कुणी कधी एक पापड भाजला नाही.

हे सगळं मी सुगराबीला का सांगितलं, ठाऊक नाही.
ती दहा किलो तोलत होती.
काट्यावरची नजर न काढता विचारलं,
"धूर कसा असायचा हो त्याचा?"

बत्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी आठवू लागलो. आठवेना.
तिनं एक मोठा तुकडा वर टाकला,
काटा खाली गेला, तो तसाच बांधला.

बसमध्ये पोतं मांडीवर.
शेजारच्या पोरीनं पांढरी ओढणी सावरून घेतली,
तिचं बरोबरच होतं.

घरी पीठचाळणीनं चुरा चाळला
(त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही).
मोठे तुकडे खाली, बारके वर,
मधोमध गोडेतेलात भिजवलेली कापसाची एक वात.
दोन तास शेगडी रिकामीच धगधगली,
आधी रॉकेल आलं, मग रॉकेलची आठवण,
मग नुसती हवा, झाकणावर थरथरणारी.
तेव्हा वांगं ठेवलं. दोन कांदे. लसणाचा एक अख्खा गड्डा.
बायको काही बोलली नाही, दुसरी भाकरी घेतली.

रात्री वरची झडप मिटली, खालची मिटली.
विझवली म्हणवत नाही. निजवली.

सकाळी झाकण उघडतो तर
निम्म्याहून जास्त कोळसा शाबूत,
राखेची पातळ साय पांघरून.
एक उचलला, फुंकला,
कानाशी धरून नखानं टिचकी मारली.

आतून बायकोचा आवाज :
"कोण आलंय बघा हो."