चौथा वर्ग

बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत
सोनार आणि पडदेवाला यांच्या मधे आमचं टायपिंग सेंटर.
दोन संगणक, एक खोकणारा प्रिंटर,
भिंतीवर मालकाच्या हातची पाटी:
खाडाखोड केल्यास अर्ज पुन्हा, पैसे पुन्हा.

सुवार्ता पारधे नाइट ड्यूटीवरून सरळ इथे आली,
पायात वॉर्डातल्याच पांढऱ्या चपला.
मूळची राहुरीची. नवरा डॅरेल,
जुफैरच्या नाविक तळावर इंजिनं दुरुस्त करतो.
त्याला हुकूम आलाय, जूनमध्ये नॉरफोक.
“मराठीतून सांगा दादा,” म्हणाली,
“इंग्रजीत कळतं, पण पटत नाही.”

मी सांगितलं.
नागरिकाची बायको: रांग नाही.
फौजीची म्हणून फाईल जरा लवकर हलते म्हणतात,
हुकमाची प्रत वरच लाव.
आई: रांग नाही, पण आधी तू तिथली नागरिक हो.
भाऊ: चौथा वर्ग.
किती वर्षं? त्याला सांग, टक्कल पडेल तेव्हा बघू.
आणि मावशी,
जिने बांगड्या मोडून तुझी नर्सिंगची फी भरली,
तिला वर्ग नाही.
मी दोनदा पाहिलं.
मावशी, आत्या, काकू, मामी
त्यांच्याकडे एकाच शब्दात उरकतात,
आणि तोही शब्द अर्जात नाही.

“लग्नाला दोन वर्षं व्हायचीत? मग कार्ड सशर्त.”
“म्हणजे?”
“दोन वर्षांनी पुन्हा पुरावा द्यायचा, अजून नांदतोय म्हणून.”
“तो तर मी आईला दर रविवारी देते,” म्हणाली.

पुराव्यात तिने फोटो दिले, घरभाड्याचा करार,
आणि मावशीचं एक पत्र, जावयाला लिहिलेलं.
पोरीला जपा. तिला पहाटे भूक लागते.
मी भाषांतर केलं, खाली सही-शिक्का.
पहाट इंग्रजीत जरा उशिरा उजाडली,
पण भूक बरोबर उतरली.

मग मुलाखतीचा सराव. मी साहेब झालो, मान ताठ.
तो पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो?
“खिडकीच्या. बोटीवर खिडकी नसते ना.”
चहात साखर?
“तो चहा पीत नाही. मी पिते, तो बघतो.”
त्याच्या ब्रशचा रंग?
“हिरवा. माझाही हिरवाच. रोज भांडण.”
भांडण लिहू नको, म्हटलं, तोंडी सांग.
साहेबाला त्यावरूनच खरं वाटेल.

साडेचार दिनार देऊन ती गेली.
एक जादा फोटो ट्रेमध्ये राहिला,
ओळखपत्राच्या नियमाप्रमाणे न हसणारा.

दुपारी शटर अर्धं ओढलं की हिशोब करायची मला खोड आहे.
कुंदाशी लग्नाला सोळा वर्षं.
दर वर्षी एक महिना सुट्टी, करोनात तीही नाही.
म्हणजे पंधरा महिने.
आम्हालाही कार्ड सशर्तच मिळालं असतं.
मिळालं असतं कशाला,
इथे बायको आणायची तर पगाराची एक रेघ आहे,
आणि मी त्या रेघेखाली बसून
लोकांचे अर्ज टाइप करतो.

तरी म्हटलं, स्वतःची मुलाखत घेऊन बघू.
कुठल्या बाजूला झोपते?
म्हसळ्याच्या घरात आम्ही खालीच झोपतो, मधे पोरगा.
चहात साखर? दीड चमचा. बहुतेक.
ब्रशचा रंग?

फोन लावला.
ती माडीवर कपडे वाळत घालत होती,
मागे कोंबड्यांचा गोंधळ.
“कुंदा, तुझ्या ब्रशचा रंग कुठला गं?”
बराच वेळ नुसत्या कोंबड्याच.
मग म्हणाली,
“अहो, तुम्हाला बरं आहे ना?
मी मशेरी लावते.”