न विचारलेली मतं

पहिलंच सांगून ठेवतो, लँड क्रूझरला तोड नाही.
वाद घालायचा असेल तर आधी हात काळे करून या.
सलमाबादच्या या शटरखाली एकोणीस वर्षं
मी गिअरबॉक्स उघडतोय.
गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकत नाही,
तेल हुंगतो.
जळक्या तेलाला खोटं बोलता येत नाही.

पेट्रोल? निस्सानची?
ताकद आहे, मान्य.
पण लग्नातल्या मामासारखी पिते.
जर्मन गाडी वॉरंटीपुरती महाराणी,
मग सासरी रुसते, माहेरीही रुसते.
आणि विजेवरच्या गाडीचं मला विचारूच नका.
जिला घरघर नाही
तिचं दुखतंय कुठं, हे कान लावून कळायचं कसं?

नोमान परकार म्हणतो, तुझं सगळं जमिनीवरचं.
तो मुहर्रकला राहतो, विमानतळाच्या अंगाला.
त्याच्या गच्चीवर वाळत घातलेली लुंगी
प्रत्येक उड्डाणाला उठून उभी राहते.
तो मात्र मान वर करत नाही.
चहा फुंकत सांगतो, भरलेलं आहे, कोचीचं.
चार इंजिनांची विमानं कमी झाली
त्याचं त्याला अजून सुतक.
'दोन इंजिनांवर समुद्र ओलांडायचा
म्हणजे एका चपलेनं गाव गाठायचं.'
मी म्हणतो, इंधनाचा हिशेब बघ.
तो म्हणतो, हिशेब कारकुनानं बघावा.

साखीरला हवाई कसरती होत्या तेव्हा
आम्ही कुंपणाबाहेर, पिकअपच्या हौद्यात उभे.
तिकीट कोण काढतो!
ते आलं तेव्हा दिसलं आधी, ऐकू आलं नंतर,
आणि नंतर म्हणजे थेट बरगड्यांत.
हातातला समोसा विसरून मी ओरडलो,
लढाऊ विमान देखणंच असलं पाहिजे,
कुरूप विमानाला कोण घाबरतो?
नोमान म्हणाला, मार खाणाऱ्याला
देखणं-कुरूप बघायला वेळ असतो का रे?

सैन्याबद्दलही माझं मत आहे. ऐका.
ज्याच्याकडे सुटे भाग तो बलवान.
विमान काय, पैसे टाकले की मिळतं.
पण त्याचं एक सील गेलं, एक पंप बसला
की फोन कुणाला लावायचा?
तो फोन उचलणारा खरा राजा.
महासत्ता म्हणजे मोठं पार्टचं दुकान,
शटर कधी ओढायचं ते त्याच्या मर्जीवर.

यावर नोमान काही बोलला नाही.
तो तळावर कामाला आहे, मी सांगितलं का?
पहाटे चारला अठरा माणसं
हातभर अंतरानं रांगेत उभी राहतात,
मान खाली घालून अख्खी धावपट्टी चालतात.
खडा, तार, बाटलीचं बूच,
एकदा कुणाचातरी कानातला डूल.
एवढासा नट आत ओढला गेला
की करोडोंच्या इंजिनाचं पीठ.
एवढं सगळं सामर्थ्य
दापोलीच्या एका माणसाच्या चष्म्याच्या नंबरावर.

मग ती रात्र.
खिडक्या दोनदा थरथरल्या.
वर काहीतरी फुटलं, पांढरं, आवाजाआधी.
नोमानचा फोन आला, कुजबुजत,
'तुला आवाज कळतात ना?
सांग, आपलं होतं की त्यांचं?'
मी आवाज आठवत बसलो.
मग आठवायचं सोडून
'आपलं' या शब्दापाशी अडकलो.
माझ्या खिशात सीपीआर कार्ड, सावंतवाडीच्या बसचं जुनं तिकीट.
म्हटलं, झोप. चारला उठायचंय तुला.

शुक्रवारी आला तो खिशातून बोल्ट काढत.
धावपट्टीवर सापडला, म्हणाला, कशाचा असेल?
डोळ्यांत जेट चमकत होतं त्याच्या.
मी आटे चाचपले, नखानं गंज खरवडला.
तुमच्याच पाण्याच्या टँकरचा आहे, म्हटलं,
मागच्या मडगार्डचा.
तो हसला, मग हसायचा थांबला,
मग टँकर कुणाच्या कंपनीचा यावरून
शिव्या घालत बसला.

बोल्ट मी डब्यात टाकला, इतरांत.
बाहेर एक पेट्रोल येऊन उभी होती,
तिसऱ्यात टाकली की कण्हत होती.
मालकाला म्हटलं, लँड क्रूझर का नाही घेतली?