वस्तांची गाडी

मिरकरवाड्यातून बांगडा भरून निघालेली गाडी
आंबा घाटाच्या तिसऱ्या वळणावर हात आखडते.
ॲक्सिलरेटर तळाला,
आरपीएम दीड हजारावर बसलंय रेड्यासारखं.
मुजीब वस्ता तिला वळवून आणतो
हातखंब्याला, माझ्या शेडमध्ये, सव्वाअकराला.
क्रेट चुलतभावाच्या पिकअपमध्ये चढवून झालेत,
बर्फाचं पाणी मात्र अजून टपटपतंय चासीवरून.

"तीनदा लाइट लागली, मेस्त्री. तीनदा विझवली."
कशी, ते सांगत नाही.
मी गोणपाट टाकून पाठीवर खाली सरकतो.

सायलेन्सर गायब.
त्याच्या जागी सरळ पाइप, चिपळूणचा,
हात बसलेल्या माणसाचं वेल्डिंग,
नाण्यावर नाणं रचल्यासारखी शिवण.
सेन्सरच्या भोकात बोल्ट,
आणि तुटक्या वायरच्या टोकाला, काळ्या टेपमध्ये,
दहा रुपयांचा रेझिस्टर
वरच्या डब्याला सांगत बसलाय रात्रंदिवस:
सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे.
डबा बिचारा ऐकतो. त्याला इथला धूर दिसत नाही.

लॅपटॉप लावला. घवाळींचा पोरगा टॉर्च धरून.
आणि मग सापडलं, पाइपशी संबंध नसलेलं:
टर्बोच्या प्रेशर सेन्सरचा कनेक्टर,
आतल्या पिना मोराच्या मानेसारख्या हिरव्या.
मीठ. तीन वर्षं मागून ठिबकलेलं खारं पाणी.
घाटात गाडी अडली ती ह्याच्यामुळे.
लाइट ह्याच्यासाठीच लागत होती.
पण एका तक्रारीचं तोंड दाबायला म्हणून
यांनी बल्बच काढून टाकला होता.

"जुना सायलेन्सर?"
"परड्यात आहे. कोंबडी त्याच्या आडोशाला अंडी घालते."
पोरगा बाइकवरून साखरतरला गेला, पावणेदोनला आला,
सायलेन्सर पाठीला बांधलेला, खिशात एक अंडं,
तेही कसं कोण जाणे शाबूत.

जुन्या टूथब्रशने पिना घासल्या, स्पिरिटने पुसल्या.
बोल्ट निघेना; तापवला, शिव्या दिल्या, निघाला.
नवा सेन्सर बसवला, वायर जोडली,
रेझिस्टर मुजीबच्या तळहातावर ठेवला.
तो त्याच्याकडे बघत राहिला, दुखरा दात काढल्यावर बघतात तसा.

मग फ्युएल. थोडं कमी. पुन्हा थोडं.
पाइपसमोर पांढरा रुमाल धरायचा,
काजळी बघायची, परत किल्ल्या बडवायच्या.
लोकांना वाटतं, धुराला वाट मोकळी केली की गाडी सुटते.
ह्या इंजिनाला थोडी अडचण लागते पाठीशी,
तिच्यावरच बेतलंय ते.
चारच्या सुमारास सातशेवर स्थिर झालं,
इतकं, की शेडबाहेरचे रातकिडे ऐकू आले.

मुजीबचा चेहरा पडला.
"एवढी गप्प?"
आणि मग, ग्रीस लागलेला हात पँटला पुसत,
माझ्याकडे न बघता:
"पहाटे साखरतरच्या पुलावर आलो ना,
की आवाज घरात जातो. ती उठते. भाताचं आधण ठेवते.
फोन नाय उचलत झोपेत. गाडी ऐकते."

मी काही बोललो नाही.
बाराशे रुपयांची कामं अशी चार हजारांची होतात.

शेपटीचा शेवटचा दोन फुटांचा तुकडा कापला,
जिथे कुठलाच सेन्सर नाही, कुणाला काही कळवायचं नाही,
तिथे त्या चिपळूणवाल्याचा हातभर पाइप जोडला.
माझी शिवण त्याच्याइतकी सुरेख नाही.
"रेस कर."
केली.
घसा खाकरून बोलणाऱ्या म्हाताऱ्यासारखा निघाला आवाज,
पहिल्यापेक्षा निम्मा, पण ओळखू येईल असा.
असेल. मी काही तिचे कान नाही.

पाचला गेला, रिकामी गाडी घेऊन घराकडे.
खेडशीच्या उतारापर्यंत ऐकत उभा होतो,
पुढे हायवेच्या गाड्यांत मिसळला.
स्क्रीनवर: फॉल्ट शून्य.
पोराने स्टोव्ह पेटवला,
आणि ते अंडं पाण्यात सोडलं.