पहिले पाचशे

ओट्यावर पोळपाटाशेजारी सिलेंडर उभा आहे.
गॅसचा नव्हे, येझदीचा.
काल कुर्ल्याहून बोअर मारून आणला.
आत डोकावले तर बारीक आडव्यातिडव्या रेघा,
चटईच्या विणीसारख्या.
"चरे पडलेत हो."
खानविलकर हसले. "मुद्दाम पाडलेत.
गुळगुळीत असता तर रिंगा कधी बसल्याच नसत्या."

मी त्यांना अजून आडनावानेच हाक मारते.
लग्नाला सात महिने झाले,
दोघांचं मिळून वय एकशे सतरा.

वडाळ्याचा दुसरा मजला. हॉलभर वर्तमानपत्रं,
त्यांवर क्रँककेस, पोट उघडं टाकून.
नटबोल्ट माझ्या जुन्या मिसळणाच्या डब्यात,
वाटीवाटीत त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी:
मॅग्नेटो. क्लच. किकशाफ्ट.
आणि एकीत नुसतंच, ठाऊक नाही.

मंगळवारी गजन पिनेची सर्कलिप उडाली.
टण्ण. आणि गेलीच.
आम्ही दोघं गुडघ्यांवर, टॉर्च घेऊन,
फ्रिजखाली, शिलाई मशीनच्या पायडलखाली.
मला केसांची एक पिन सापडली. काळी, गंजलेली.
माझी नव्हती.
मी ती ठाऊक नाही-च्या वाटीत ठेवली.
दुसऱ्या दिवशी तिथे नव्हती.
सर्कलिप शुक्रवारी निघाली, रव्यात.

इंजिन खाली नेलं ते सोलापुरी चादरीत घालून,
दोन टोकं त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे.
पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या पाटणकरबाई
दार किलकिलं करून, पदर सावरत:
"कोण गेलं हो?"
जिन्यातच इतकी हसले
की माझं टोक सुटता सुटता राहिलं.

या गाडीची किक आणि गिअर एकच दांडा.
उभा केला की किक, आडवा पाडला की गिअर.
बाराव्या लाथेला ती बोलली,
पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी,
आणि निळा धूर थेट तिसऱ्या मजल्याच्या दोरीवर,
सेक्रेटरींच्या पांढऱ्या सदऱ्यांपर्यंत.
त्यांचं पत्र संध्याकाळी आलं. टाईप केलेलं.

मग नियम सांगितले, हात पुसता पुसता.
पेट्रोलमध्ये ऑइल थोडं जास्त.
चाळीसच्या वर नाही.
एकाच वेगात रटाळ चालवायची नाही,
तिला चढू द्यायचं, उतरू द्यायचं.
घाट नाही, पूल नाही.
पहिले पाचशे किलोमीटर डबलसीट नाही.
"सत्त्याऐंशी साली घाई केली होती.
खोपोलीच्या वर जाम झालं. मागचं चाक धरलं."
मागे कोण बसलं होतं ते बोलले नाहीत.
मी दुधाच्या वहीचं शेवटचं पान फाडलं
आणि आकडे लिहायला घेतले.

एकतीस. अठ्ठावन्न. त्र्याण्णव.
रोज पहाटे पाचला शिवडी, कॉटन ग्रीन,
गोदीच्या बंद गोदामांमागचे रुंद रिकामे रस्ते.
मी चहाचं आधण ठेवते ते आवाजावर.
नाक्यावर वळली की कळतं.
दोनशेच्या आसपास खिळे कमी झाले.
तीनशे चाळीसला एक घोगरेपणा गेला,
त्यांच्याआधी मला कळला.
"कान तयार झाला तुमचा," म्हणाले,
आणि आंघोळीला गेले.

चारशे एक्क्याऐंशीला परत आले
तेव्हा आरशाला दुसरं हेल्मेट लटकत होतं,
किमतीची चिठ्ठी तशीच.
"एकोणीस राहिलेत," मी वही दाखवली.
"वजन किती तुमचं?"
"विचारू नका."
"मग हळू जाऊ."

रे रोडच्या पुलाआधी त्यांनी गाडी वळवली,
शिवडीला भिंतीशी उभी केली.
ओहोटीच्या चिखलाचा वास, एक वॉचमन, त्याचं कुत्रं.
"थंड होऊ दे जरा."
माझा हात धरून इंजिनाच्या पंखांजवळ नेला.
"लावू नका. नुसता जवळ धरा."
बोटभर अंतरावर ऊब होती, आणि
निवणारं लोखंड आतून
टिक, टिक करत होतं.
मी मोजू लागले.
कुठल्या तरी आकड्यावर विसरले.