पुठ्ठ्याचा भाव

शाळेची चिठ्ठी सुहृदनं तीन दिवस
कंपासपेटीत, गुण्याच्या खाली, दुमडून ठेवली होती.
पाचवी ब. वजन अठ्ठावन्न. पालकांनी भेटावे.
आम्ही भेटलो. बाईंनी एक कागद दिला,
त्यावर बूट घातलेलं हसरं गाजर.
रेवतीनं तो नीट घडी करून पर्समध्ये ठेवला,
आणि परतताना, उशीर झालाच होता म्हणून,
आनंदनगरच्या कोपऱ्यावर वडापाव घेतले. तीन.
मग, त्याला एकानं होत नाही, म्हणून चार.

आमच्याकडं जेवणाचं टेबल आहे, बारा हप्त्यांत घेतलेलं.
त्यावर इस्त्रीचे कपडे जेवतात.
आम्ही तिघं तीन खोल्यांत, तीन उजेडांसमोर.
हात आपोआप डब्यात जातो, आपोआप तोंडाशी येतो.

साडेपाचला तो कुलूप उघडून एकटाच घरात शिरतो.
मी बँकेत, समोर गिऱ्हाईक, टेबलाखाली फोन :
चीज जास्तीचं टाका.
साडेसहाला बेल वाजते, तो मी नसतो,
पण मी पाठवलेलं काहीतरी असतं, गरम.
इतके दिवस मी यालाच
घरी असणं म्हणत होतो.

खाली खेळायला जा, असं म्हणतो खरं.
खाली पाटी आहे :
"पार्किंगमध्ये चेंडू आढळल्यास जप्त होईल.
परत मागण्यास येऊ नये."
ठराव झाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो.
गाडी नवी होती.

गुरुवारी लाइट गेली, लिफ्ट बंद, मला रजा.
रद्दीवाले मोईनचाचा हाळी देत आले.
गॅलरीतले खोके आम्ही दोघांनी चार मजले खाली उतरवले,
त्याच्या हनुवटीपर्यंत थप्पी.
चाचांनी एकेक उघडून बोटानं चाचपला.
"हे नको साहेब. तेल प्यायलेल्या पुठ्ठ्याला भाव नाही.
आत मुरलं की निघत नाही ते."
सहा किलोतले दोन घेतले. सोळा रुपये.
सुहृद काट्याकडं बघत होता,
लोखंडी आकडा, रिकामा, अजून हलणारा.
"चाचा, ह्याला किती किलोपर्यंत टांगता येतं?"
"पन्नास," चाचा हसले.
तो हसला नाही.

उरलेले चार किलो घेऊन आम्ही परत वर निघालो.
ओला कचरा की सुका, यावर सोसायटीत अजून भांडण आहे.
दुसऱ्या मजल्यावर तो थांबला, भिंतीला टेकून.
तिसऱ्यावर मी बसलोच.
खोके मध्ये ठेवून तोही बसला.
अंधारात दोघांची धाप,
एकाची कुठं संपते कळत नव्हतं.

मग, जिन्यालाच सांगावं तसं, म्हणाला,
"वर्गात मला टेम्पो म्हणतात.
मागं उभे राहतात आणि हॉर्न वाजवतात."
कधीपासून?
"दिवाळीपासून."

मार्च सरत आला होता.
दिवाळीपासून मी त्याला किती वेळा काय काय पाठवलं
आणि दर वेळी विचारलं एवढंच :
पोचलं का?

मला काही सुचेना.
बसलो की माझ्या शर्टाचं खालून दुसरं बटण उघडतं,
ते त्यानं चाचपडत लावून दिलं.
"बाबा, तुला बँकेत काय म्हणतात?"
साहेब, म्हणालो.
"ते तोंडावर,"
असं म्हणून तो आधी उठला,
आणि मला उठायला हात दिला.