सपाट कापड

सुभान तडवी आला तेव्हा मी शाळेच्या गणवेशाला काजं करत होते.
वॅगन शेडातून निवृत्त. हातात वहीचं पान,
पानावर पेन्सिलीनं काढलेलं काहीतरी
सुपासारखं, खिडकीच्या चिकासारखं.
"हे पाय बाई, शीड शिवाचं हाये."
म्हटलं, माझ्याकडे ब्लाउज होतात, फार तर पडदे.
"मग पडदाच समज.
सहा पट्ट्या, मधे मधे बांबूच्या कामट्या."

मी विचारलं, फुगा कुठून द्यायचा?
शीड म्हणजे पोट, पोट म्हणजे चाट,
कळी, तिरका काट.
"काहीच नाही. सपाट."

पस्तीस वर्षांत इतकं सोपं माप
कुणी दिलं नव्हतं.
ना छाती, ना बाही,
ना "जरा सैल ठेवा, बाळंतपणानंतर पाहू."
आकाराचं वारा बघेल.

कापड त्याचंच.
दोन पट्ट्या लग्नाच्या मंडपाच्या, विटक्या गुलाबी,
एक दवाखान्याच्या चादरीची, कोपऱ्यात अर्धा शिक्का,
दोन खताच्या गोण्या उसवून,
आणि सगळ्यात वरची ट्रकची ताडपत्री.
तीन सुया मोडल्या. मग दाभण घेतला.
उलटं बांधेल म्हणून ताडपत्रीवर
खडूनं मोठ्ठं लिहिलं: वर.

होडी त्यानं ओसरीतच बांधली होती, प्लायवूडची.
दारातून निघेना, तर चौकट काढली.
बायको आठ दिवस
उघड्या दारात भाकरी थापत होती, न बोलता.

चांगदेवला, पूर्णा तापीला मिळते तिथं
धरणाचं पाणी थबकून असतं.
भोयांची पोरं ओरडली, म्हातारा चटई घेऊन चालला!
डोलकाठीला एकही तणावा नाही,
नुसती रोवलेली, म्हशीच्या खुंट्यासारखी.
वाऱ्याच्या तोंडावर जाताना
दोन डोंगे त्याला मागं टाकून गेले.
तो सुपारी कातरत होता.

मग सातपुड्याकडून वावधन उठलं.
केळीची पानं आधी वाजली, नंतर धूळ,
नंतर टर्र.
हा आवाज मला झोपेतही कळतो.
साडी फाटली की फाट पदरापर्यंत धावते, ऐकत नाही.
ही गुलाबी पट्टीतून निघाली
आणि कामटीपाशी येऊन थांबली.

तो उठलासुद्धा नाही.
दोर थोडा सैल सोडला,
खालची पट्टी घडी होऊन बसली.
अजून थोडा. गुलाबी गेली, गोणी गेली,
शिक्का गेला.
उरली एक पट्टी,
आणि एवढ्या गढूळ पाण्यापलीकडून
माझं तिरपं अक्षर
मलाच वाचता येत होतं.

पुढच्या बुधवारी फाटकी पट्टी घेऊन आला.
कोणतं कापड लावू?
"जे हाताला लागेल ते."
गणवेशाची खाकी उरली होती.